मोज्याला चिकटलेली तार

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
ता. ३ ऑक्टोबर १९७२

ती. सासूबाईंस,
कॉनीचा सा. न. वि. वि.

मामंजींच्या काचबिंदूचं वाचून मी व्हर्लिनला लगेच तिकीट काढायला सांगितलं. हिवाळ्यानंतर त्यांची नजर टिकेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत, हेही मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबांना चिप दाखवायचं कबूल केलंय, रिकाम्या हाताने कसा जाऊ?

तुमचा मुलगा सध्या जमिनीवर रांगतो. संगणकाचा अख्खा मेंदू नखाएवढ्या चिपवर बसवायचा, तर त्याचा नकाशा आधी दिवाणखान्याएवढ्या लाल फिल्मवर कापावा लागतो. त्याचा फोटो लहान करत करत चिप होते. मग ही शिकलेली मंडळी बूट काढून, नुसत्या मोज्यांवर त्या फिल्मवर रांगत एकेक रेष तपासतात. स्वयंपाकघरातला गळका नळ मात्र महाशयांना दिसत नाही.

तुमचा लोभ असू द्या, माझा आटत चाललाय.
तुमची,
कॉनी


होल्ड्रेज, नेब्रास्का
ता. ११ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन यास आईचे अ. आ.

बाबा आता कुणाचा रेडिओ दुरुस्तीला घेत नाहीत. तारांचे रंग त्यांना ओळखू येत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात, मुलगा कधी येणार? तर तुझीच बाजू घेऊन म्हणतात, त्याचं काम मोठं आहे. तुझं घोडं नक्की कुठे अडलंय, ते एकदा कळव. निदान पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तरी ती चिप घेऊन ये आणि बिचाऱ्या कॉनीचा नळ दुरुस्त कर.

तुझी,
आई


सनीव्हेल
ता. २७ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

आलो नाही म्हणून रागावली असशील. रागावच. चिप्स कारखान्यातून आल्या आणि सगळ्या मुक्या निघाल्या. मी फिल्म कापणाऱ्या बायकांवर वाट्टेल तसा खेकसलो. परवा कॉनीला पलंगाखाली माझे जुने मोजे सापडले. त्यातल्या एकाला चिकटलेला लाल कपटा तिने माझ्या ताटात आणून ठेवला. आई, तो कपटा म्हणजे नकाशातली एक रेष, चिपमधली एक तार होती. तपासता तपासता मीच ती उचलून घरी आणली होती.

आता त्या बायकांची माफी मागायची आहे. कॉनी म्हणते, मोजे घालूनच जा. नव्या चिप्स यायला जानेवारी उजाडेल. मग नक्की येतो. बाबांना म्हणावं, तेवढा धीर धरा.

तुझा नालायक,
व्हर्लिन


होल्ड्रेज
ता. २९ जानेवारी १९७३

चि. व्हर्लिन यास आ.

तुझी चिप पोस्टाने पोचली. चालते म्हणतोस, आनंद आहे. लगेच पुढच्या चिपचं काम निघालं म्हणून आला नाहीस, हेही वाचलं.

नाताळपासून बाबांना नुसता उजेड-अंधार कळतो. तुला दोनदा फोन केला, तू कामावर होतास. चिप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि मला परत दिली. मी म्हटलं, अहो, पोराने मुद्दाम तुमच्यासाठी पाठवलीय. तर म्हणाले, चिपमधलं मला काय कळणार होतं? चिप दाखव म्हटलं की तो घरी येईल, म्हणून म्हणत होतो. मला त्याला बघायचं होतं.

हे तुला कळवू नको, असं त्यांनी बजावलं होतं. मी कळवते आहे.

आशीर्वाद आहेतच.
आई