पुलावरची दोरी

थोमला, उत्तर सिक्कीम
९ नोव्हेंबर १९९६

लाडक्या छुकी,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो पोचले. धाकटा थेट बाबांसारखा दिसतो. थंडीने माझा गुडघा कुरकुरतो, बाकी मी बरी. मुळे वाळवून झाले. बटाटे यंदा लहानच निघाले. तुझ्यासाठी वहिनीने विणायला घेतलेले मोजे सोबत पाठवते आहे. एकच पुरा झालाय, राग मानू नकोस.

यंदा गावाचं मुखियापद, पिपोनपद, दादाकडे आहे, हे तुला कळवलंच होतं. पावसाआधी त्यानेच पुलावर दोरी बांधली, वर आशीर्वादाचा पांढरा रेशमी खादा गुंडाळला. गावसभेने ठरवलेल्या दिवसापर्यंत पलीकडच्या हिवाळी कुरणात कुणाचंही जनावर जायचं नाही. गवत गुडघाभर आलंय. बाबा असते तर खूश झाले असते.

वहिनी मात्र चार दिवस आधीच कळप घेऊन पुलाशी आली. वरचा वारा बरा नाही, बर्फ येणार, म्हणाली. दादाने नकारार्थी मान हलवली. घरच्यांसाठी आज दोरी सोडली तर उद्या गावाला काय तोंड दाखवू, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं.

"पिपोनसाहेब," ती म्हणाली, "माझ्या याकांना तुमची तारीख वाचता येत नाही हो."

सगळे हसले. दादाही हसला. मीही हसले, छुकी. मग तिने शीळ घातली आणि कळप वर वळवला.

त्याच संध्याकाळी बर्फ पडू लागला, तो थांबेचना.

बघ, किती वेळ मोज्यांबद्दल लिहीत बसले. वहिनी गेली. माणसं वर पोचली तेव्हा याक उभ्याउभ्या गोठले होते आणि ती त्यांच्या मधोमध. आईमागे आपल्या वेण्या घालून आपल्याला कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवणारी तीच ना गं.

ठरलेला दिवस आला. गावाचे उरलेसुरले याक पुलाशी येऊन उभे राहिले, बरगड्या निघालेले. ज्याने गाठ बांधली त्यानेच सोडायची, आणि दादा सोडेना. लामांनी सांगितलं, मी सांगितलं. तो सगळं ऐकून घेतो आणि वरच्या वाटेकडे बघतो. आधी तिचा कळप उतरू दे, म्हणतो, ती पहिली आली होती. कुणीही त्याला शब्दाने दुखवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी एक वासरू पुलाशीच मेलं. मग मी त्याच्याजवळ गेले.

"येतेय ती," मी म्हटलं. "वळणापर्यंत आलीय. सोड, दादा."

खोटं बोललो म्हणून सिस्टर अग्नेसनी आपल्याला गुडघ्यांवर बसवलं होतं, आठवतं?

त्याने लगेच गाठ सोडली. खाद्याची नीट घडी करून खिशात ठेवली. जनावरं पलीकडे गेली. तो बाजूला उभा राहून एकेकाच्या कानाकडे बघत होता, आपल्या घरची खूण शोधत.

आता अंधारून आलंय. तो अजून तिथेच आहे, दोरी हातात धरून. मघाशी चहा घेऊन गेले, तर म्हणाला, "वळण एवढं लांब नाही गं."

तू ये. मी आता त्याला काय सांगू?

तिघांतली मधली,
पेनझोम