साठ मतांना दिलेले गुण

प्रिय जकातदार,

तुला नमस्कार, वहिनींना त्याहून थोडा जास्त. तुझ्यासारख्याला इतकी वर्षं सांभाळणं म्हणजे चेष्टा नव्हे. तुझा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? मागच्या पत्रात डावा होता, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. दोन्ही दुखत असतील तर ही चौकशी दोघांत वाटून घे.) मी ठीक आहे. जिना चढताना दम लागतो, पण तो दोष जिन्याचा. पूर्वी एकोणीस पायऱ्या होत्या, हल्ली कुणीतरी वाढवल्या असाव्यात. ही गेल्यापासून चहात साखर जास्त झाली की कमी हे सांगणारं कुणी नाही, म्हणून मी एक दिवस जास्त घालतो, एक दिवस कमी. सरासरी बरोबर येते.

पत्र लिहायचं कारण आमची नात. लेक-जावई नोकरीपायी गावोगाव फिरत राहिले, त्यामुळे ही नऊ वर्षांची असल्यापासून आमच्याकडेच वाढली, हे तुला ठाऊक आहे. आता बाईसाहेबांना समुद्रापलीकडच्या विद्यापीठात डॉक्टरेट करायची आहे. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. (मी म्हटलं, आपले समोरच्या बिऱ्हाडाशी संबंध धड नाहीत, आधी ते बघ. ती म्हणाली, "आजोबा, त्यांची कुंडी तुम्ही फोडलीत." संवाद तिथेच संपला.) त्यातही संरक्षणवाद. म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर कर चढवायचा, तो महाग करायचा, की घरचा कारखाना तगतो. तू बंदरावर छत्तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडून हेच करत होतास. तेव्हा तुला हे कुणी सांगितलं होतं का? तर याबद्दल साध्या माणसांना काय वाटतं, आणि पुष्कळदा आपल्या खिशाच्या विरुद्ध का वाटतं, हे तिला शोधायचं आहे. तिने जाहिराती शोधून काढल्या होत्या, "संशोधक विद्यार्थी हवेत" अशा. बाकी जागा तिला पसंत पडेनात. एकच पसंत पडली, आणि अर्थात तीच सगळ्यांत लांबची निघाली. चार वर्षांची जागा. अर्जासोबत साठ माणसांची छोटी पाहणी जोडायची होती.

तिने आठ प्रश्नांचा कागद तयार केला. "पूर्ण सहमत"पासून "पूर्ण असहमत"पर्यंत कुठेतरी खूण करायची आणि खाली दोन ओळींत कारण लिहायचं. आणि ऐन वेळी तिला गालगुंड झालं. दोन्ही गाल टम्म फुगले, बोलणं बंद, बाहेर पडणं बंद. तेव्हा ते साठ कागद माझ्याकडे आले. वर तिच्या हातची चिठ्ठी: "आजोबा, फक्त कागद द्यायचे आणि घ्यायचे. काही बोलायचं नाही."

मी बोललो नाही. शब्द पाळला. पण मित्रा, चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या हातात कुणी लिहिलेला कागद दिलास, तर त्याचा दुसरा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. आपली दुकानांची गल्ली तुला आठवत असेल. तिथली अर्धी गल्ली माझ्या हाताखालून गेलेली. शिंप्याने लिहिलं, बाहेरच्या कापडावर कर नको. मी दहापैकी तीन गुण दिले. तो एवढासा झाला. म्हणाला, "सर, मग बरोबर उत्तर काय?" मी नुसती भुवई उचलली. त्याने खोडून पुन्हा लिहिलं आणि आठ गुण मिळवले. न्हावी शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकापासून हाताने कागद झाकून लिहीत होता. त्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली होती. चष्मेवाल्या बाईंनी सरळ शिंप्याचं उतरवलं, त्याच्या खाडाखोडीसकट. घड्याळजी डोळ्याची काच न काढता म्हणाला, "फेरपरीक्षा आहे का? असेल तर मी तेव्हाच बसतो." चार दिवसांत अख्ख्या गल्लीचं परदेशी मालाबद्दल एकमत झालं. पाण्याच्या नळावरून ज्यांचं पंधरा वर्षांत जमलं नाही, त्यांचं.

ऐकला नाही तो एकटा चांभार. तो आपला विद्यार्थी नव्हे. (शाळेत आला नाही, म्हणून बिघडला नाही, असं ही म्हणायची.) त्याने आठही प्रश्न कोरे ठेवले आणि खाली लिहिलं: बाहेरच्या जोड्यांनी माझा धंदा बसला, तळवा लावून घ्यायला आता कुणी येत नाही. पण माझी पोरगी त्याच जोड्यांच्या गोदामात खोकी मोजते आणि तिचं घर त्यावर चालतं. मी खूण कुठे करू? मी त्यावर शून्य दिलं. त्याने ते शून्य जरा वेळ पाहिलं, कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "शून्य तर शून्य, मास्तर. पण खोटं नाही ना लिहिलं मी?" घरी येताना त्या तेवीस पायऱ्या फार लांब वाटल्या.

नातीने गठ्ठा उघडला. तिला ओरडता येत नव्हतं, ही त्यातल्या त्यात सोय. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर लिहिलं: "आजोबा, मताला गुण नसतात." मग ती गाल धरून भिंतीकडे तोंड करून निजली. अर्जाला पाच दिवस उरले होते, तिला खोलीबाहेर पडायचं नव्हतं. झालं, संपलं असं मला वाटलं. मी चहा केला. तो तिने घेतला नाही. मीच दोन्ही कप प्यायलो.

तिसऱ्या दिवशी उठून पाहतो तर बाईसाहेब कागद उजेडाला धरून बसल्या होत्या. खोडलेल्या खुणा खालून दिसत होत्या. प्रत्येकाचं आधीचं मत एक आणि लाल शाईनंतरचं दुसरं. तिने झालेला सगळा प्रकार अर्जात जसाच्या तसा लिहिला. बाहेरच्या मालाबद्दल माणसाचं मत त्याच्या धंद्यावरून ठरतं, देशप्रेमावरून ठरतं, ते ठीकच; पण विचारणारा कोण आहे आणि त्याच्या हातात कसलं पेन आहे, यावरून किती बदलतं, हे मला शोधायचं आहे, असं. मुलाखत संगणकावर झाली. तीन प्राध्यापक, तिघेही हसत होते. चांभाराचा कागद मात्र त्यांनी तिला दोनदा वाचायला लावला, आणि दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. जागा तिला मिळाली.

गल्लीने माझं अभिनंदन केलं. शिंपी म्हणाला, "सर, आमच्या आठ गुणांमुळेच झालं ना?" मी हो म्हटलं.

म्हणून तुला विचारतो. दुर्मीळ पोपट आणि जुन्या मूर्ती देशाबाहेर नेता येत नाहीत, असं तू मागे सांगितलं होतंस. नाती त्या यादीत कुठे बसवता येतील का? एखादं जुनं कलम, एखादा शिक्का? आपल्या पाचवीच्या पुस्तकात घरट्यातून उडालेल्या पाखराची कविता होती, ती तुला आठवते का? मला अजून तोंडपाठ आहे. मास्तर दरवर्षी विचारायचे, पाखराला काय काय दिसलं, पाखरू कुठे गेलं. पुढे मीही तेच विचारत राहिलो. घरट्याला काय वाटलं, हा प्रश्न परीक्षेला कधी आलाच नाही. त्यामुळे माझी त्याची तयारी झाली नाही.

असो. गुडघ्याला जप.

तुझा,
बाकावरचा शेजारी

ता. क. शिक्क्याचं सोड. ती वीस तारखेला तुमच्या गावाहून विमानात बसेल, आदल्या दिवशी तुमच्याकडे उतरेल. निरोपाला मी येणार नाही, मला जमायचं नाही. माझ्या जागी तू उभा राहा. ती आत गेली म्हणून लगेच फिरू नकोस, ती एकदा वळून बघते.

ता. क. २. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. मताला गुण नसतात हे मला माहीत होतं रे. शिंप्याच्या कागदावर पेन सवयीने उघडलं असेल, पण दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन लाल पेनं दोन नवी घेतली. अर्ज फसावा आणि पोरगी राहावी, एवढंच मनात होतं. आणि बघ, मीच तिला पाठवली. हे तिला कधी कळू देऊ नकोस.

ता. क. ३. जकातदार आजोबा, हे अक्षर माझं आहे. पाकिटावर पत्ता सुवाच्य हवा म्हणून आजोबांनी पत्र माझ्याकडे दिलं, आणि पाकीट उघडंच होतं. मी चौथीत त्यांच्याच वर्गात होते. "मला काय वाटते" असा निबंध ते दर शनिवारी लिहायला लावायचे आणि त्याला कधीही गुण द्यायचे नाहीत, फक्त खाली सही करायचे. त्यामुळे पहिला लाल कागद पाहिला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मला कळलंय हे त्यांना सांगू नका. तुमच्या गावापर्यंतचं तिकीट मी दोघांचं काढलंय, ते येतील. मी गेल्यावर मात्र त्यांना एकट्यांना परत पाठवू नका. कुठूनही घरी आले की ते आधी दाराशी माझ्या चपला आहेत का बघतात. तुम्ही बरोबर या, आणि दारातून आधी तुम्ही आत शिरा.