मर्यादित बजेटमधलं रीळ

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. विषय एकच: समुद्रात गळ टाकायचं रीळ. खाऱ्या पाण्यात टिकणारं, जिग फेकता येईल असं, आणि परवडणारं. जिग म्हणजे माशासारखा दिसणारा धातूचा जड तुकडा. तो लांब फेकायचा आणि झटके देत ओढून घ्यायचा. मासा फसतो. तत्त्व सोपं आहे.
कारण: बायको. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात दोघंच. बायको काल म्हणाली, या रविवारपासून तुझ्या ताईबरोबर धक्क्यावर मासे धरायला जाणार आहे, तूही ये. मासे किनाऱ्याला आहेत तोवर हे एक तरी एकत्र करून बघू. तेही जमणार नसेल तर एकत्र राहायचं तरी कशाला?
तिची बोलण्याची पद्धतच तशी आहे. मी मुद्दा पकडला. रीळ हवं.
आठवड्यात घेऊन मोकळा होतो.

३ सप्टेंबर
मी खरेदी विभागात आहे. तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय ऑफिसात साधा स्टेपलरही घेतलेला नाही. रिळाचा तक्ता सुरू केला. रकाने: वजन, गिअर रेशो, ड्रॅग, गंज. ड्रॅग म्हणजे मासा जोर करू लागला की दोरी जपून सोडणारा ब्रेक.
ताईनं स्वतःचं जुनं रीळ बायकोला दिलंय. कंपनीचं नाव झिजून गेलंय. तक्त्यात बसत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
दोघी सकाळी गेल्या. मी गेलो नाही. साधनाशिवाय नुसतं जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.
दुपारी बायको मासे घेऊन आली. स्वतः धरलेले. नवशिक्याचं नशीब. जेवताना तिला जिग फेकताना मनगट कसं वळवावं ते सांगितलं. तिनं विचारलं, तू कधी फेकलंयस का? त्याचा इथे संबंध नाही, असं मी म्हणालो.
मासा बरा होता.

११ सप्टेंबर
दुकानात गेलो. दुकानदार तोंडाळ. खाऱ्या पाण्यातल्या गंजाबद्दल विचारलं तर म्हणाला, साहेब, वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुवा आणि पुसून ठेवा, बाकी देव बघेल. बेअरिंगबद्दल विचारलं तर म्हणाला, आजवर किती वेळा धक्क्यावर गेलात? हा प्रश्न कोटेशनमध्ये येत नाही. शेवटी काउंटरखालून एक काळं रीळ काढून म्हणाला, पहिलंच आहे ना, मग हे न्या, बजेटमध्ये बसतं आणि मासाही अडतो.
विक्रेत्यानं स्वतः सुचवलेला माल कधी घेऊ नये. दुकान यादीतून काढलं.

१४ सप्टेंबर, रविवार
त्या गेल्या. मी रिळाची साइज ४००० की ५००० यावर वाचन केलं. लांब फेकायचं तर ५०००. हात दुखू नये तर ४०००. दोन्ही बाजूंना चांगले मुद्दे आहेत.

१८ सप्टेंबर
बायको हल्ली ओट्यापाशी उभ्यानंच जेवते. धक्क्यावर बसून पाठ धरत असणार. बसायला योग्य स्टूल हवं. तक्ता वेगळा करावा लागेल.

२८ सप्टेंबर, रविवार
ताईचा फोन. काय रे, अजून लग्न जमलं नाही का रिळाशी? म्हटलं, अंतिम टप्पा आहे. ती म्हणाली, माझ्याकडे आणखी एक पडलंय, ते घे आणि पुढच्या रविवारी नुसता ये. मी म्हणालो, उसन्या वस्तूला काही झालं तर जबाबदारी कोणाची? ताई म्हणाली, तुझी बायको धक्क्यावर किती हसते माहीत आहे? घरी कधी ऐकलंयस?
मी विचारलं, कशावर हसते? ताईनं फोन ठेवला.
ताई लहानपणापासून मुद्दा सोडून बोलते.

५ ऑक्टोबर, रविवार
धक्का बसला. यादीतलं पहिल्या क्रमांकाचं रीळ कंपनीनं बंद केलं. नियमाप्रमाणे तक्ता नव्यानं करायला हवा. केला.
बायकोला सांगितलं. तिनं पायमोजे चढवता चढवता ऐकून घेतलं. म्हणाली, मासे आता थोडेच दिवस आहेत रे. मी म्हणालो, मासे काय, पुढच्या वर्षीही येतील. ती म्हणाली, ते येतील.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ
बायको आज मोठी बॅग घेऊन गेली. परत आली नाही. फोनवर म्हणाली, ताईकडेच राहते, तिथून धक्का जवळ पडतो. बरोबर आहे. पेट्रोल वाचेल.

१५ ऑक्टोबर
अजून तिकडेच. शेजारच्या टेबलवाल्यानं डबा नाही हे बघून विचारलं, वहिनी माहेरी का? मी म्हणालो, नाही, माझ्या बहिणीकडे. तो म्हणाला, म्हणजे तुमच्या माहेरी. सगळा विभाग हसला.
बायको तिच्या माहेरी गेली की नवऱ्याला कोणी तरी चहा पाजतं. नणंदेकडे गेली तर लोकांना काय बोलावं कळत नाही. कोटेशनच्या फायली वर काढून बसलो.

१७ ऑक्टोबर
खरेदी झाली. सखोल अभ्यासाअंती काळं रीळ सर्वात योग्य ठरलं. योगायोगानं तेच, दुकानदारानं पहिल्या दिवशी दाखवलेलं. त्याला तसं जाणवू दिलं नाही. त्यालाही मी आठवत नव्हतो. निदान त्यानं तसं दाखवलं.
काठी, जिग आणि विणलेली दोरीही घेतली. तो म्हणाला, खाली थोडा नायलॉन गुंडाळून वर दोरी भरून देतो. उरलेला नायलॉन खपवायची युक्ती. मी सरळ नाही म्हणालो आणि घरी स्वतः भरली. गाठ उत्तम बसली.
रविवारी जातो. बायको परत येईल. रीळ नव्हतं म्हणून तर सगळं अडलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
धक्क्यावर गेलो. बायको आणि ताई टोकाला होत्या. बायकोनं मला बघितलं, आणि पायानं बादली सरकवून जागा केली. चांगलं लक्षण.
पहिले दोन जिग खडकात गेले. तिसरा समुद्रात. दोन झटके दिले आणि मासा लागला. काठी वाकली. मी हँडल फिरवतोय, रीळ फिरतंय, दोरी काही येत नाही. मासा समुद्राकडे चाललाय आणि ड्रॅगचा आवाजही नाही. स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या धातूच्या चकतीवर, दोरीचा गठ्ठाच्या गठ्ठा गोल फिरत होता.
बायको धावत आली. स्पूलवर पंजा दाबून म्हणाली, खाली नायलॉन नाही का गुंडाळलास? गुळगुळीत धातूवर ही दोरी घसरते. मग तिनं रुमालानं दोरी धरली आणि म्हणाली, तू काठी उचल, मी ओढते. आम्ही तसं केलं. ती म्हणे उचल, मी उचले. ती म्हणे सोड, मी सोडे. मासा कडेपर्यंत आला. चांगला हातभर. तिथे सुटला.
बायको मोठ्यानं हसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. म्हणाली, गेला तर गेला, मजा आली की नाही?
मी तिला समजावलं की दोष स्पूलचा आहे, पृष्ठभाग खरखरीत ठेवणं ही उत्पादकाची जबाबदारी. वॉरंटीतलं कलमही सांगितलं. हे नीट सांगायला वेळ लागतो. सांगून झालं तेव्हा ती तिच्या जागेवर परत गेली होती आणि जिग फेकत होती.
ताईनं मला थर्मासमधला चहा दिला. तिच्या स्वभावात न बसणारं.

२१ ऑक्टोबर
तक्रारीचा मसुदा केला. दुकानदाराला एक प्रत, कंपनीला एक.

२६ ऑक्टोबर, रविवार
बायको कपडे न्यायला आली. ताई खाली गाडीत. वर आली नाही, हॉर्नही वाजवला नाही.
मी पत्र शुद्ध करत होतो. बायकोनं कपाट रिकामं केलं. मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, काही बोलायचंय का तुला?
मी म्हणालो, हो, बस. आणि तिला पत्र वाचून दाखवलं. दुसरा परिच्छेद दोनदा, कारण तिथे मुद्दा आहे. ती बसली नाही, पण शेवटपर्यंत थांबली. म्हणाली, पत्र चांगलं झालंय. किल्ली टेबलावर ठेवली.
जाताना उशी नेली. तिच्या मानेला दुसरी चालत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
काल तक्रार मान्य झाली. दुकानदारानं रीळ बदलून दिलं. म्हणाला, घ्या साहेब, पण ती पत्रं थांबवा. मासे गेले, आता पुढच्या वर्षी.
हा विजय कळवायला आज ताईकडे फोन केला. ताईनं काही न विचारता फोन बायकोकडे दिला. मी सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन. मग विचारलं, जेवलास का?
मी म्हणालो, प्रश्न जेवणाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, हो.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जेवलो नव्हतो.