बाबांच्या आवडीचं काहीतरी

२९ ऑक्टोबर २००६, साउथहॅम्प्टन
आमच्या वॉर्डवरची नर्स लूपे, मूळ मेक्सिकोची. २ तारखेला तिच्याकडे मृतांचा सण. "वडिलांचा फोटो आण, आणि त्यांच्या आवडीचा एक पदार्थ." म्हटलं, म्हणजे आमचा पितृपक्षच! तर म्हणे, आमच्याकडे तोंड पाडून बसायचं नसतं, माणसं घरी आलेली असतात. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची चाल. पाद्र्यांना मोडता येईना, तेव्हा त्यांनी ती आपल्या संतांच्या दिवसांना नेऊन चिकटवली. झेंडूही मूळचा त्यांच्याकडचाच. आणि आपण दसऱ्याला आपला म्हणून मिरवतो! इथे आता कुठला मिळायला. ती क्रेप कागदाचा करतेय.

३० ऑक्टो.
सई शाळेतून आल्या आल्या, तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत, "बाबा, आजोबांना काय आवडायचा?"
सांगतो म्हटलं. कांदा चिरून झाला, कुकर झाला, तरी आठवेना. अळणी आमटीसुद्धा भुरकणारा माणूस. सगळ्यांचं झाल्यावर बसायचे, उरलेलं वाढून घ्यायचे. काय करू विचारलं की "काहीही चालेल."
श्राद्धाचं बरं असतं. खीर, वडे, सगळं ठरलेलं. कुणी परीक्षा घेत नाही.

३१ ऑक्टो.
आईला फोन केला. म्हणाली, "तुला आवडायचं तेच करायचे रे मी. ते कधी बोललेच नाहीत." मग चिडली. "आणि हे आता विचारतोयस?"
दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती, असं सगळे म्हणाले. केवढं बरं वाटलं होतं तेव्हा. पण ज्याला मागायची सवयच नाही, त्याचा कावळा अडून तरी कशासाठी बसेल? फार वाईट वाटतंय आज.

१ नोव्हें.
आज आईचाच फोन. "दुधाचं पातेलं खरवडून खायचे बघ, वर साखर घालून. मला वाटायचं, टाकवत नाही म्हणून." मग मलाच, "आवडत असेल का रे?"

२ नोव्हें.
दूध मुद्दाम खाली लागू दिलं. स्मोक अलार्म कोकलला. खरवड निघाली वाटीच्या तळाशी जेमतेम.
लूपेकडे फोटोंसमोर केवढं काय काय. पाव, मीठ, पाणी, आजीसाठी तिखट चॉकलेटच्या रश्शातली कोंबडी, वडिलांची सिगरेट. तिला सगळ्यांचं सगळं पाठ. मी बाबांच्या फोटोपुढे वाटी ठेवली. म्हटलं, आवडायचं की नाही, नक्की माहीत नाही.
"मग विचार ना. आजच तर आलेत."
विचारलं. मनातल्या मनात.
चालत परत येताना सई, "आणि बाबा, तुला काय आवडतो?"
"मला गं काय, काहीही चालतं." निघूनच गेलं तोंडातून.
ती फुटपाथवर थांबली. "असं नाय. प्रॉपर सांग."
घराचं कुलूप काढताना तिने परत विचारलं.