गोकर्णीची साफसफाई

४ सप्टेंबर
मेहुणी सामान घेऊन गेली. घर शांत. तिला सांगितलं ते योग्यच होतं: इथे फुकट कुणी राहायचं नाही, घर माझं आहे. ऑफिसात जन्मभर हेच केलं, जादा माणसं हुडकून काढली. बायकोही बहिणीबरोबर तरातरा निघून गेली, हे जरा अनपेक्षित. जाताना म्हणाली, तिला तुम्ही स्वतः बोलवा, मगच मी येते. आणि गोकर्णीच्या वेलाला फक्त पाणी घाला, बाकी हात लावू नका. येईल आठवड्यात. पारा उतरतोच.

५ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
उद्यापासून सहाला उठणार. व्यायाम. स्वयंपाकही स्वतः. बायका उगाच बाऊ करतात. फ्रीझरमध्ये डब्यांची चळतच आहे, त्यातला एक काढला, गरम केला, जेवलो. झालं! डब्यावर मेहुणीच्या अक्षरात चिठ्ठी: भाऊजींसाठी, मीठ कमी.

९ सप्टेंबर
बायकोचा फोन नाही. मीही करणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. नवा प्लॅन: गोकर्णी अशी फुलवायची की फोटो बघून बायको धावत येईल. बोलवायची भानगडच नको. तपासणीसाठी कुंडी उपडी केली. मुळांना गाठीच गाठी! एक नखानं फोडली. आत लालसर. वेलाचं रक्त पितायत मेले, आणि बायकोला पत्ताच नाही.

१० सप्टेंबर
ऑपरेशन. चष्मा, चिमटा, नेलकटर. गाठ न् गाठ काढली. मुळं नळाखाली धुतली, जुनी माती फेकली, दुकानातली निर्जंतुक माती भरली. कंबरडं मोडलं. पण फुकट्यांना माझ्याकडे थारा नाही.

१७ सप्टेंबर
वेल हिरवागार! एक फूलही आलं. मी म्हटलं नव्हतं? फोटो पाठवला. बायकोनं पाहिला, उत्तर नाही. संकोच वाटत असेल.
स्वयंपाक उत्तम चाललाय. डबा काढायचा, गरम करायचा. आत भांड्यांचा आवाज आला असं मधूनच वाटतं. जाऊन बघतो, कुणी नसतं.

२९ सप्टेंबर
खालची पानं पिवळी. हवा बदलतेय, दुसरं काय. पाणी वाढवलं.
इस्त्रीचे शर्ट संपले. फ्रीझरमधला शेवटचा डबाही आज संपला. बीपीच्या गोळ्यांची नवी पाकिटं आणली; सकाळची कुठली, रात्रीची कुठली, कळेना. पाकिटावर मेहुणी पेनानं खूण करायची. खरं तर कंपनीनंच छापायला हवं.
व्यायाम उद्यापासून.

६ ऑक्टोबर
शेंडाही पिवळा पडला. घाबरलोय, खोटं कशाला लिहू. बायकोचा जीव आहे त्या वेलावर.
मुलीला फोन केला. ती कॉलेजात बॉटनी शिकवते. म्हणाली, अहो बाबा, त्या गाठींत जिवाणू राहतात. वेल त्यांना साखर देतो, ते हवेतला नायट्रोजन त्याला पचेल असा करून देतात. आत लाल म्हणजे गाठी जोरात कामाला लागलेल्या होत्या. मी म्हटलं, मग इतके दिवस हिरवा कसा राहिला? म्हणाली, साठवणीवर. तिनं विचारलं, थोड्या तरी ठेवल्यात ना? मी म्हटलं, एकही नाही, मी काम अर्धवट सोडत नाही.
मग म्हणाली, दुसऱ्या गोकर्णीखालची मूठभर माती आणून घाला. जगलाच तर मूळ मातीत हाक सोडेल. मुळानं आधी बोलवावं लागतं, त्याशिवाय ते जिवाणू येत नाहीत. आणि लगेच, मावशीला फोन केलात का?
विषय बदलायची सवयच आहे पोरीला.

७ ऑक्टोबर, दुपारी
माती आणून घातली. मग हिय्या करून मेहुणीला फोन लावला. वाक्य सकाळपासून घोकत होतो: चुकलं माझं, घरी ये. तिनं उचलला. बोला भाऊजी, म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, जणू काही झालंच नाही. तिथेच माझी दांडी उडाली.
मी विचारलं, रिकामे डबे कुठे ठेवायचे?
ती म्हणाली, ठेवा कुठेही. घर तुमचं आहे.
डबे परत घासले. ओट्यावर मांडून ठेवलेत.