दोन गंज

सर, तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. आठवीत असताना तुम्ही माझी वही वर्गापुढे धरून वाचलीत, "दोन गंज घेतले. दोन्हींत विहिरीचं पाणी घातलं." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "गंज घेतले? लोखंडावर चढतो तो गंज? किलोनं आणलास की काय बाजारातून?" तुम्ही पुण्याकडून नोकरीसाठी बाळापूरला आला होता. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे हसले, कारण सर हसत होते. वही परत मिळाल्यावर मी 'गंज' खोडून 'भांडे' लिहिलं.

त्या गंजांत काय होतं ते आता ऐका. आमचं भाजीचं वावर खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. पाणी तापवून तापवून गंजाच्या बुडाला पांढरा दगडच बसायचा, आणि आई तो उलथन्यानं खरवडत बसायची. एकदा गाय व्याली म्हणून आईनं आठवडाभर निबर भेंडी त्याच गंजात शिजवून तिला घातली. मग एका सकाळी बुडावरून बोट फिरवत ती म्हणाली, "काहून वं, गंज तुनं घासला का? खार तर पिठावानी निंगून राहिला!" मी घासला नव्हता. म्हणून मी दोन सारखे गंज मागून घेतले, एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात भेंडीची बुळबुळ. पंधरा दिवस रोज आटवले, आणि फडक्यानं झाकून विज्ञान प्रदर्शनासाठी तुमच्या टेबलावर आणून ठेवले. तुम्ही म्हणालात, "आधी मराठी शिक, मग विज्ञान." गंज दाराबाहेर गेले. फडकं तुम्ही उचललंसुद्धा नाहीत.

मी तुमचं ऐकलं, हा माझा मूर्खपणा. अकरावीला आर्ट्स घेतलं, दोन वर्षं घालवली, आणि मग विज्ञानासाठी अमरावतीला पुन्हा अकरावीत बसले, माझ्याहून लहान मुलींच्या बाकावर. तुमच्या एका विनोदापायी, सर! आज मी अकोल्यात एका तेल गिरणीत बॉयलरचं पाणी सांभाळते. त्या पाण्यात पॉलिमर सोडते, अगदी थोडं. क्षाराचा स्फटिक थरावर थर चढवत वाढतो. पॉलिमरची लांब साखळी त्याच्या वाढत्या कडांना जाऊन चिकटते, मग त्याला धड आकार घेता येत नाही. तो बारीक, वेडावाकडा राहतो, नळीला घट्ट धरत नाही आणि पाण्याबरोबर निघून जातो. भेंडीची बुळबुळ म्हणजेही तसल्याच लांब साखळ्या. हे सगळं तुमच्या टेबलावर, तुमच्या हातभर अंतरावर होतं. आणि अजूनही अहवालात मी 'भांडे' असंच लिहिते. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

यंदा बाळापूरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून अकोल्याला आणलं आणि पुन्हा दोन गंज मांडले. आई आता माझ्याजवळच असते. ती म्हणाली, "या वयात काय करून राहिली वं हे?" मी पंधरा दिवस रोज आटवले, पण बुडाला हात लावला नाही. एका गंजात दगड बसला, दुसऱ्यात पीठ. माझं खरं होतं, सर.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण त्या दिवशी शाळेत निघताना मला भीती वाटली होती. भेंडीच्या गंजातही पांढरं पीठ दिसत होतं, आणि तुम्हाला फरक कळणार नाही असं वाटलं. म्हणून तो गंज मी राखेनं लख्ख घासून आणला होता. फडकं उचललं असतंत तर तुम्ही पहिल्या नजरेत ओळखलं असतं. घरी जाताना मी रस्ताभर रडले, पण सुटले असंही मला वाटलं होतं.