तलावाखालची गावं

लातूर, ११ ऑगस्ट १९९३
हैदराबादच्या इतिहासाचं पुस्तक, चौथं प्रकरण लिहितेय. हुसेनसागर संपला. आता मुसी नदीचा पूर, आणि त्यानंतर शहर वाचावं म्हणून बांधलेले तलाव. कॉलेजात शिकवून झालं की बशीरचाचांकडे. ते बुकबाइंडर, वडील निजामाच्या काळात अशाच एका तलावाच्या कामावर मुन्शी होते. त्यांची उर्दू वही चाचांकडे आहे. अक्षर इतकं गिचमिड की चाचांशिवाय कुणाला लागत नाही. ते वाचतात, मी मराठीत उतरवते.

२ सप्टें.
पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली घरं मोजायला चाचांच्या अब्बांना पाठवलं. 'दर घरी चहाचा आग्रह झाला.' चाचा हसले. मग दोन पानं एकदम उलटली. कोरं असेल एखादं.

१ ऑक्टो.
काल पहाटे भूकंप. आम्ही ठीक, स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा. किल्लारीकडं फार वाईट. चाचांची बहीण हलीमा तिकडच्याच एका गावात दिलेली. चाचा मिळेल त्या ट्रकनं गेलेत.

६ ऑक्टो.
चाचा आले. हलीमा गेली. मेहुणा वाचला, पाय मोडलाय. चाचा पुठ्ठे कापत बसले होते. "दगडाच्या भिंती, बाई. हातानं उपसल्या."  मी कापलेले पुठ्ठे रचून ठेवले आणि निघाले.

१४ मार्च ९४
भूकंपानंतर वसवायच्या नव्या गावात घर मिळणाऱ्यांच्या यादीत मेहुण्याचं नाव नाही. राहतं घर दुसऱ्याच्या नावावर होतं. मोजणीला आलेला माणूस म्हणे, "तुमचं घर पडलंच न्हाई, मालकाचं पडलं." मेहुणा आता चाचांकडंच. चाचा कचेरीत खेटे घालताहेत.

२० जून
इतिहासाला यंदा सात मुली. बाकी सगळं गाव शिकवणीत, डॉक्टर व्हायला. चाचांच्या दुकानात नोट्सचे गठ्ठे छताला लागलेत. त्यांना वही वाचून दाखवायला वेळ नाही. हिवाळ्यापासून त्यांनीच मला अलिफ-बे गिरवायला लावलंय. "तुम्हीच लावा आता अक्षर." वही दिली.

३ ऑगस्ट
चाचांनी तेव्हा उलटून टाकलेलं ते पान कोरं नाही. चार दिवस लागले लावायला.
'साहेब म्हणाले, ज्याच्या नावावर घर नाही त्याला यादीत धरू नये. मी धरलं नाही. एक बाई बांधापर्यंत माझ्या मागं चालत आली. मी तिचं नाव विचारलं नाही.'

६ ऑगस्ट
पान उघडून चाचांपुढं ठेवलं. खळीचा ब्रश हातातच राहिला.
"पान लपवून बापाची लाज राखली. गुन्हा केला का?"
छापू का, विचारलं.
"छापा. अब्बाचं नाव गाळा."
मी म्हटलं, नाव गाळलं तर हे कुणीच केलं नाही असं होईल.
"तुमचा बाप न्हाई तो."
खरं आहे. वही तिथंच ठेवून आले.

१९ ऑगस्ट
छापखान्याला प्रकरण हवंय. दोन प्रती काढल्या. एकीत नाव आहे, एकीत नाही.
संध्याकाळी चाचा दारात. आजवर कधी घरी आले नव्हते. वही काखेत. बसा म्हटलं, बसले नाहीत.
"मेहुण्याला ते पान वाचून दाखवलं."
"आणि?"
"मला वाटलं शिव्या देईल. म्हणला, त्या बाईचं पुढं काय झालं?"
  वही त्यांच्याकडून घेतली, पुढची पानं चाळली. बांधाची उंची. पावसाचे दिवस. चुन्याच्या गोण्या.
चाचा चष्मा पुसत उभे.
"नीट बघा, बाई."